बाहुलीला काचत नाही

कारखान्यात तिला सगळे मीडियम म्हणायचे. तिला चांगलं नाव होतं, पगाराच्या दिवशी ते पुकारलंही जायचं, पण ते ऐकून ती स्वतःच इकडेतिकडे बघत राहायची आणि मग शेजारची कुणीतरी तिला कोपरखळी मारून पुढे ढकलायची. त्या टोपणनावात चेष्टा नव्हती. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत तिचं एकेक माप कपड्यांच्या मधल्या साइझशी असं जुळायचं, की देवाने हिला टेप हातात धरूनच घडवली, असं मास्तर म्हणायचे.

मास्तर म्हणजे नमुन्याचे कपडे शिवणारे. कुठलाही नवा कपडा हजारोंनी शिवायला घेण्याआधी त्याचा एक नमुना शिवायचा, खऱ्या माणसाच्या अंगावर चढवून बघायचा, उसवायचा, पुन्हा शिवायचा, अशी तेव्हाची रीत होती. मीडियम आधी धागे कापायला होती. शिवून आलेल्या कपड्यांचे लोंबते धागे छाटत दिवसभर मान खाली घालून बसायची. एकदा मास्तरांची नेहमीची बाई बाळंतपणाला गेली आणि लाकडी पुतळ्यावर नमुने चढवून चढवून मास्तर जेरीला आले. पुतळा हात वर करत नाही, वाकत नाही आणि मुख्य म्हणजे बोलत नाही. त्यांनी धागे कापणाऱ्या बायकांच्या रांगेवरून नजर फिरवली आणि हिला उठवलं. पुन्हा त्या रांगेत बसायची वेळ तिच्यावर आली नाही.

काम काय, तर उभं राहायचं. घालायचं, हात वर करायचे, खुर्चीत बसायचं, जिना चढायचा, लहान मूल उचलल्यासारखं वाकायचं. मास्तरांच्या तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे ते ओठ न हलवता बोलायचे आणि ते बोलणं फक्त तिलाच कळायचं. ते विचारायचे, "कुठे काचतंय?" ती सांगायची. काखेत, बोटभर. मानेमागे, शिवण टोचतेय. बसलं की मांडीवर ओढ येतेय. मास्तर तिथे खडूने खूण करायचे आणि कपडा उसवायला घ्यायचे. पाय भरून यायचे, हिवाळ्यात उन्हाळी कपडे घालून आणि उन्हाळ्यात लोकरी कोट घालून जीव नकोसा व्हायचा, पण ते काम तिला आवडायचं. तिच्या आयुष्यात दुसऱ्या कुणी तिला इतक्या वेळा आणि इतकं मनापासून विचारलं नव्हतं, की बाई, तुला कुठे त्रास होतोय.

घरात तिची कंबर हा सगळ्यांचा विषय होता. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामाला. तो म्हणायचा, माझ्या लिफ्टला भाराची मर्यादा असते तशी आमच्या हिलाही आहे. सासूबाई होत्या तोवर त्या सुनेला वाढताना हात आखडता घ्यायच्या, आणि वर म्हणायच्या की अजून वाढलं असतं गं, पण तुझ्या पोटावर सगळ्यांचं पोट आहे.

मग कारखान्यात जावई आले. मालकांची मुलगी त्यांना दिलेली, ते परदेशात शिकून आलेले, म्हणून मागून सगळे त्यांना जावईच म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. आवाज चढवायचा नाही, झाडूवाल्यालाही अहो-जाहो करायचा. त्यांनी फाटकापासून जेवणाच्या खोलीपर्यंत भिंती हिरव्या रंगवून घेतल्या, जिथे जागा दिसेल तिथे एक पान काढून घेतलं, आणि सगळ्यांना गोळा करून समजावलं. एकेका नमुन्याला किती कापड लागतं, ते रंगवायला किती पाणी, तो नमुना गिऱ्हाईक कंपनीला पसंतीला पाठवायचा तर विमानाचं किती इंधन. यापुढे नमुना कापडाचा नसेल. कॉम्प्युटरवरच कपडा बेतायचा, कॉम्प्युटरवरच माणसाच्या अंगावर चढवायचा, पसंत पडला की यंत्र थेट कापडावर छापणार आणि यंत्रच कापणार. रंगाचं पाणी नाल्यात जाणार नाही.

मीडियमला ते पटलं. कारखान्यामागच्या नाल्याचं पाणी एक दिवस जांभळं तर दुसऱ्या दिवशी पिवळं वाहायचं, ते ती रोज नाक दाबून ओलांडायची. कापडाच्या चिंध्यांचे ढीगही तिने पाहिले होते. त्यामुळे कॉम्प्युटरमध्ये घालायला तुमचं अंग लागेल, असं जावयांनी सांगितलं तेव्हा तिने आढेवेढे घेतले नाहीत. चांगल्या कामाला आपण उपयोगी पडतोय, असंच तिला वाटलं.

कपाटाएवढ्या काळ्या खोलीत तिला आतल्या कपड्यांवर उभं केलं. पायात कागदी चपला, केस टोपीत कोंबलेले. उजेडाच्या रेघा पायांपासून वर सरकत डोक्यावरून निघून गेल्या, पुन्हा खाली आल्या. चहा निवायच्या आत सगळं आटोपलं. बाहेर आल्यावर कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या मुलीने तिला हौसेने बोलावलं. मुलगी गोड होती, सगळ्या बायकांना काकू म्हणायची.

"या काकू, भेटा स्वतःला."

पडद्यावर राखाडी रंगाची एक बाई उभी होती. टक्कल, डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबणी, बेंबी बुजवलेली. पण डावा खांदा किंचित खाली, तो तिचाच. मुलीने बोट फिरवलं तशी ती बाई गरगर फिरली. तिचा हात वर गेला, मागे गेला, आणखी मागे गेला, खऱ्या माणसाचा खांदा निखळेल इतका मागे गेला, आणि तिच्या तोंडावरची रेघ हलली नाही. अंगावर एक फ्रॉक आला. नाहीसा झाला. दुसरा आला. एका बटणासरशी ती उघडी, दुसऱ्या बटणासरशी झाकलेली. शेजारच्या टेबलावरची दोन मुलं मान वळवून बघत होती, वाईट नजरेने नव्हे, कामाच्या नजरेने. तरीही मीडियमला अंगावर पाल पडल्यासारखं झालं. ती नुसतं "छान आहे" म्हणाली आणि मोरीत जाऊन तिने हात धुतले, कोपरापर्यंत.

मास्तरांना थोड्याच दिवसांत घड्याळ देऊन घरी बसवलं. निघताना ते तिला भेटायला आले. तोंडात टाचण्या नव्हत्या, त्यामुळे त्यांचा आवाज परक्या माणसासारखा वाटला. "बाई, बाहुलीला काचत नाही," ते म्हणाले. "कळेल यांना हळूहळू. मग बोलावतील तुला."

बोलावलं नाही. तिला परत आलेल्या मालाच्या गोदामात पाठवलं.

कपडे आता लोक फोनवर चित्र बघून मागवायचे, घरी घालून बघायचे आणि नको असले की फुकटात परत धाडायचे. ते सगळं पाकिटांमधून या गोदामात येऊन पडायचं. मीडियमने पाकीट फाडायचं, कपडा झटकायचा, बघायचा, हुंगायचा आणि डाव्या किंवा उजव्या पिंजऱ्यात टाकायचा. हुंगणं हे खरोखरच कामाचा भाग होतं. पहिल्या दिवशी ती जेवलीच नाही. कॉलरला तोंडाची पावडर लागलेली. काखेत अत्तर आणि घाम सुकून कापड पुठ्ठ्यासारखं झालेलं. एका रात्रीच्या समारंभापुरता घालून, किमतीची चिठ्ठी आत दुमडून, मग परत पाठवलेले झगे, त्यांच्या घेराला मळ आणि सांडलेल्या जेवणाचे डाग. एका पँटच्या खिशात नाक शिंकरलेला रुमाल निघाला. दुसऱ्या एकीत जे निघालं ते तिने घरी कुणाला सांगितलं नाही.

घाणीची तिला सवय झाली असती. सवय झाली नाही ती दुसऱ्या गोष्टीची. निम्म्याहून जास्त कपडे स्वच्छ असायचे, घडीही न मोडलेले, आणि तेसुद्धा डाव्या पिंजऱ्यात टाकायचे होते. डावा पिंजरा चिरायच्या मशीनकडे जायचा; उजवा पुन्हा विक्रीला, पण त्यात मोजकेच महागाचे कपडे पडायचे. तिने मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, इस्त्री करून, पुन्हा पाकिटात भरून पाठवण्यापेक्षा नवा शिवणं स्वस्त पडतं, उगाच डोकं चालवू नका. मशीन दिवसभर चरचर आवाज करत नवे कोरे कपडे खायचं आणि मागच्या बाजूने राखाडी बोळे ओकायचं. या बोळ्यांच्या गाद्या होतात, असं जेवणाच्या खोलीतल्या हिरव्या पाटीवर लिहिलं होतं. झाल्याही असतील थोड्या. बाकीची पोती गोदामामागे पावसात भिजत पडलेली असायची. त्यांना बुरशी धरली होती, खाली उंदरांनी बिळं केली होती, आणि ढिगातून जो कुबट, ओला वास यायचा तो मीडियमच्या केसांत बसून घरापर्यंत यायचा.

काही दिवसांनी तिच्या लक्षात आलं की कपडे परत येण्याचं कारण बहुतेक वेळा एकच लिहिलेलं असतं. काखेत घट्ट. एकदा तिने एक शर्ट अंगात घालून बघितला. हात वर केला आणि खरंच काखेत कापड रुतलं. तिला मास्तर आठवले. बोटभर सोडलं की काम झालं असतं. ती जवळजवळ आनंदाने कॉम्प्युटरवाल्या मुलीकडे गेली. यांना माहीत नाही म्हणून हे चाललंय, एकदा सांगितलं की थांबेल, असा तिचा भाबडा हिशोब.

मुलीने शांतपणे ऐकून घेतलं. मग खुर्ची जवळ ओढली.

"काकू, आम्हाला माहीत आहे. काख खोल घेतली तर बाहुलीवर तिथे चुणी पडते, चित्र चांगलं दिसत नाही, आणि चित्र चांगलं नसेल तर कुणी मागवतच नाही. परत किती येणार ते धरूनच भाव काढलेला असतो."

"मग तो चिरायचाही धरलेला असतो?"

"हो ना," मुलगी म्हणाली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही, किंवा वाटलं असेल तर तिने ते कधीचंच गिळलं होतं. तिने मीडियमला चहा विचारला. पडद्यावर ती राखाडी बाई एकामागून एक कपडे बदलत होती. पूर्वी एका मोसमात जितके नमुने व्हायचे, तितके आता दुपारच्या जेवणाआधी होत होते, कारण नमुन्याला आता काही खर्चच पडत नव्हता. जावयांचं म्हणणं अगदी खरं झालं होतं, नमुन्यापायी एक वीतही कापड वाया जात नव्हतं.

मीडियम चहा न घेता परतली. यांना कळत नाही, असं इतके दिवस मनाशी धरून ती तो वास सहन करत होती. आता तोही आधार गेला.

त्याच आठवड्यात घरी पाकीट आलं. तिच्या मुलीने मागवलेलं; ती कॉलेजात जाणारी, लाडाची. पाकिटात एकच टॉप तीन साइझमध्ये होता. एक ठेवायचा आणि दोन परत, सगळ्याच मैत्रिणी असंच करतात, असं मुलीने सांगितलं. मग मुलीने फोन पुढे केला.

"बघ ना आई, या मुलीला कसला मस्त बसलाय. असं अंग पाहिजे."

फोटोत विशीतली एक मुलगी हसत उभी होती. केस वाऱ्यावर, दात पांढरेशुभ्र. मीडियमने चेहऱ्याकडे नीट बघितलंच नाही. तिची नजर डाव्या खांद्यावर गेली. तो किंचित खाली होता. गळ्याच्या वर कुठल्यातरी परक्या पोरीचं डोकं आणि गळ्याच्या खाली ती स्वतः, कंबर थोडी आवळलेली, पाय थोडे ताणलेले. पुढचा फोटो, दुसरं डोकं. त्यापुढचा, तिसरं. सगळ्यांच्या खाली तीच.

तिने मुलीला सांगितलं. मुलगी आधी हसली, मग तिने फोटो मोठा करून बघितला, मग आईच्या खांद्याकडे बघितलं आणि फोन उपडा ठेवला. "शी," ती एवढंच म्हणाली. कुणाला म्हणाली ते मीडियमने विचारलं नाही. तिलाही तेच म्हणायचं होतं. दोन टॉप मात्र ठरल्याप्रमाणे परत गेले, आणि पुढच्या सोमवारी मीडियमने गोदामात दुसरंच कुठलंसं पाकीट उघडलं तर आत तसलाच टॉप होता. तो आपल्या घरचा नव्हे हे तिला माहीत होतं. तरी तो डाव्या पिंजऱ्यात टाकताना तिने तोंड फिरवलं.

नंतर जावयांनी तिला वर बोलावलं. बाहेरची माणसं कॅमेरे घेऊन येणार होती, कारखान्याने निसर्ग कसा वाचवला त्याची फिल्म करायला. त्यांना ती खरी बाई हवी होती, जिच्यावरून बाहुली केली. पडद्यावर बाहुली, शेजारी ती, दोघींच्या अंगात एकच झगा. वाक्यही ठरलेलं होतं: माझ्या एका अंगामुळे हजारो नमुन्यांचं कापड वाचलं.

घरी नवरा म्हणाला, अगं बोलून टाक, शब्दांना काय लागतं. तिला नाही म्हणायचं होतं, पण नाही म्हणून मग काय करायचं ते तिला सुचलं नाही. ती गेली.

झगा तिला झाला नाही. गोदामात आल्यापासून तिच्या कमरेची पर्वा कुणी केली नव्हती, तिनेही नाही. आता ती मीडियम राहिली नव्हती, फक्त नाव राहिलं होतं. फिल्मवाल्यांना हे नवं नव्हतं. कपडे सांभाळणाऱ्या बाईने कात्री घेतली आणि तो कोराकरकरीत झगा पाठीवर मानेपासून खालपर्यंत सरळ फाडला. मग तो पुढून ताणून पाठीमागे चिमट्यांनी आवळला. पुढून बघणाऱ्याला कपडा अंगावर ओतल्यासारखा दिसत होता. मागून तिची पाठ उघडी आणि तिच्यावर चिमट्यांची रांग. तिला फक्त एवढंच सांगितलं, की वळू नका.

ती वळली नाही. तिने वाक्य म्हटलं. पहिल्यांदा चिरायच्या मशीनचा आवाज मध्ये आला म्हणून ते मशीन बंद करवलं आणि तिने पुन्हा म्हटलं, पहिल्यापेक्षा चांगलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. झगा काढला तसा त्याच बाईने त्याचा बोळा करून कोपऱ्यातल्या पेटीत फेकला. तिथे आधीच सहा-सात झगे होते, तिचं नक्की माप माहीत नव्हतं म्हणून आणून ठेवलेले. मीडियम मोरीत गेली आणि चुळा भरत राहिली. तोंडाची चव जाईना.

फिल्म नवऱ्याच्या फोनवर आली आणि त्याने ती सगळ्या नातेवाइकांना पाठवली. जेवताना त्याने कौतुकाने पुन्हा लावली. तिने ताट बाजूला सारलं.

"मला घाण वाटतेय," ती म्हणाली.

"त्यात खोटं काय बोललीस? वाचलंच ना नमुन्याचं कापड?"

"वाचलं. सगळं खरं बोलले. म्हणूनच जास्त घाण वाटतेय."

त्याला ते कळलं नाही, पण त्याने फोन बंद केला.

फिल्म चालली. जावई खूश झाले आणि त्यांना आणखी एक गोष्ट सुचली. त्यांनी मीडियमला समोर बसवून सांगितलं, की आता तुमचं माप लार्जचं झालंय, तर लार्जची बाहुलीही तुमच्यावरूनच करू. पैसे पहिल्यापेक्षा बरे देऊ, गोदामातूनही सोडवू. ते खरोखर तिचं भलं करतोय अशा चेहऱ्याने बोलत होते, आणि त्या चेहऱ्याचीच तिला शिसारी आली.

"आधीची पुसून टाका," ती म्हणाली.

जावई गोंधळले. मग त्यांनी हळुवारपणे समजावलं, की ते आता शक्य नाही. ती बाहुली आणखी काही कंपन्यांनाही दिलेली आहे, तिच्यावर किती कपडे निघाले त्याला गणती नाही.

"मग दुसरी मी देणार नाही."

"का, पण? तुम्हाला त्रास काय त्यात? तुम्हाला तर काही करावंही लागत नाही."

"साहेब, तुम्ही तिच्या अंगावर जे चढवता ते मी खाली हुंगते. एकीचं हुंगून झालंय माझं. दुसरीचं नको."

त्यांनी विचार करायला सांगितलं. विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुपारी ती गोदामातून वर पाणी प्यायला आली, तर काळ्या खोलीबाहेर पॅकिंगमधली एक जण कागदी चपला घालून उभी होती, लाजत, हसत, केस टोपीत कोंबत. मीडियमने तिला काही सांगितलं नाही. तिला दोन पोरं होती आणि नवरा घरी बसलेला. आपल्याला कुणी सांगितलं असतं तर आपण तरी ऐकलं असतं का, असा विचार करत ती जिना उतरली.

महिन्याभरात तिने काम सोडलं. नवरा चार दिवस धुसफुसला. नातेवाईक म्हणाले की फिल्ममध्ये दिसल्यापासून हिच्या डोक्यात हवा गेली. मग एका ओळखीने तिला हॉस्पिटलच्या कपडे धुण्याच्या विभागात काम मिळालं.

तिथे पहिल्या दिवशी तिने नाकाला रुमाल बांधला होता. चादरी यायच्या त्या रक्ताच्या, पुवाच्या, माणसाच्या पोटातून जे जे बाहेर येतं त्या सगळ्याच्या. बरोबरीच्या बायका बघत होत्या, ही टिकते की पळते. दुपारी रुमाल तिने स्वतःच सोडला. वास भयंकर होता, पण पोटात ढवळलं नाही. चादरी उकळायच्या, वाळायच्या, संध्याकाळी पुन्हा कुणाच्या तरी खाली जायच्या. चादर फाटली की शिवायची. शिवून शिवून विरली की तिच्या उशांच्या खोळी, खोळी गेल्या की फडकी, फडकी गेली की फरशी पुसायला. विभागाची मुख्य बाई याबाबत इतकी कडक होती, की फडकं टाकून देण्याआधी तिला दाखवावं लागायचं.

मुलीची पाकिटं आता घरी येत नाहीत. ती मैत्रिणीच्या पत्त्यावर मागवते. मीडियमला कपाट उघडलं की नव्या कापडाच्या वासावरून कळतं. एकदा त्यावरून मोठं भांडण झालं, दोघी दोन दिवस बोलल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी मुलीने हल्ली मी कमी मागवते असं सांगितलं. खरं असेल. रस्त्यात मोठाल्या जाहिराती लागतात, तिथे मीडियम मान वर करत नाही. खांदा दिसला की तोंडात आंबट पाणी येतं, अजूनही.

हॉस्पिटलात तिला सगळे तिच्या नावाने हाक मारतात. सुरुवातीला तिला ते आपलं वाटायचं नाही. शिवणाच्या टेबलाशी ती खिडकीजवळ बसते. तिच्याआधी तिथे कोण बसायचं तिला माहीत नाही, पण जुन्या चादरींवर त्या बाईचे टाके दिसतात, लांब लांब, घाईचे. ते उसवले असतील तिथे ती पुन्हा घालते, गाठ मारते आणि पुढची चादर ओढते.